संदर्भ : का. रा. गजभिये, सहाय्यक शिक्षक

रविवारी सकाळी साडेनऊला माझ्या वडिलांचं नाव मला कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसलं आणि मी पहिली गोष्ट काय केली, तर उठून खोलीचं दार लोटून घेतलं. खरं तर लपवावं असं घरात कोणी नव्हतं. बाबा बाल्कनीत फेब्रुवारीचं ऊन खात विमानं बघत बसले होते. दिल्लीतल्या द्वारकेत आमच्या डोक्यावरून दर चार-पाच मिनिटांनी एक विमान उतरतं आणि पंच्याऐंशीव्या वर्षी त्यांना त्याचं अजून नवल वाटतं. श्रावस्ती, माझी मुलगी, झोपली होती. ती नोएडातल्या एका चॅनेलमध्ये आठवडाभर बातम्या कापते-जोडते आणि रविवारी बाराच्या आत उठत नाही. तरी मी दार लावलं. पडद्यावर एका जुन्या स्मरणिकेचं पान होतं, कडेने पिवळं पडलेलं, मधोमध घडीची रेघ. वर मथळा, ‘आमच्या गावाची वाटचाल’. त्याखाली, ‘ले. का. रा. गजभिये, सहाय्यक शिक्षक’. आणि एका वाक्याभोवती कोणीतरी काळजीपूर्वक लाल चौकट आखलेली : ‘सन १९३८ मध्ये गावचे मालगुजार भाऊसाहेब यांनी देवळासमोरील विहीर स्वखुशीने सर्व जातींना खुली केली व कोणतीही कटुता न येता हे परिवर्तन घडून आले.’

कोणतीही कटुता न येता. बाबांचा डावा हात मनगटाशी मोडून वाकडा जुळलेला आहे. त्या हाताने त्यांना कधी पेला धरता आला नाही, शर्टाचं बटण लावता आलं नाही. लहानपणी मी आंघोळीनंतर त्यांच्या बाह्यांची बटणं लावून द्यायची, तेव्हा ते एकदाच म्हणाले होते, विहिरीवर मोडला, चौदा वर्षांचा होतो, भाऊसाहेबांच्या माणसांनी काठ्या घातल्या. त्यानंतर आमच्या घरात त्याबद्दल बोलणं झालं नाही. सांगायची गरजच नव्हती, हात रोज समोर होता. आणि आता त्याच माणसाने छापून दिलेलं हे वाक्य माझ्यासमोर होतं, आणि ते बरोबर आहे की नाही याचा निकाल संध्याकाळी पाचच्या आत मी द्यायचा होता.

हा काय प्रकार आहे ते सांगायला हवं, कारण ऑफिसात कोणाला सांगितलं तर लोक ‘अच्छा, टाइमपास’ म्हणतात. इंटरनेटवर एक मराठी ज्ञानकोश आहे. कोणीही त्यात लिहावं, कोणीही दुसऱ्याचं खोडावं, आणि भांडण झालं तर लेखामागच्या चर्चापानावर बसून भांडावं. भांडण मिटलं नाही की मध्यस्थ नेमतात. नवरा गेल्यावर सहा वर्षांपूर्वी मी तिथे खातं उघडलं. दिवसभर एका सरकारी भवनात इंग्रजी परिपत्रकांचं हिंदी करायचं आणि घरी येऊन मराठीत भांडणं सोडवायची. तिथे माझं नाव ‘उत्तरवासी’. बाई की पुरुष, कुठली, कोण, काही कळत नाही. आणि माझी ख्याती एकच : उत्तरवासी कोणाचा नाही. ज्या वाक्याला छापील आधार नाही त्याच्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी चिठ्ठी डकवायची, महिनाभर थांबायचं आणि काढून टाकायचं. किती वाक्यं मी अशी काढली. मराठवाड्यातल्या कोणाच्या आजीने पाणवठ्यावर काय सोसलं, कोणाच्या चुलत्याने शाळेच्या दारात कसं धरणं धरलं. लिहिणारे गयावया करायचे, की आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे हो. मी उत्तर लिहायची, ‘घरात माहीत असणे हा संदर्भ नव्हे.’ वाक्य जमलं की मला बरं वाटायचं, आणि ती वाक्यं कुठल्या वस्तीतून येतात ते मला पहिल्या दोन शब्दांत कळायचं. कळायचं म्हणूनच मी जास्त कडक वागायची. आपल्याच लोकांना झुकतं माप दिलं, असं कोणी म्हणता कामा नये. म्हणणार तरी कोण होतं? मी कोण हे तिथे एकालाही ठाऊक नव्हतं.

आमच्या गावाचा, खैरमोडीचा, लेख दोन महिन्यांपूर्वी पेटला. एका बाजूला जयंत, नोएडात राहणारा, भाऊसाहेबांच्या घरातलाच असावा. तो ‘आदरणीय’, ‘कृपया’, ‘आपल्या वेळेबद्दल मनःपूर्वक आभार’ असं लिहितो. इतका साळसूद माणूस मी दुसरा पाहिला नाही. दुसऱ्या बाजूला बुद्धभूषण, करोल बागेत खोली करून यूपीएससीची तयारी करणारा आणि सायबर कॅफेत तासावर बसून लिहिणारा. त्याच्या जिभेला हाड नाही. तो लिहायचा, विहीर खुली केली नाही, घेतली. नऊ जण गेले, सहा जणांची डोकी फुटली, माझे आजोबा बळवंत त्यात होते, ते मरेपर्यंत सांगत होते. जयंत ते अदबीने खोडायचा. बुद्धभूषण पुन्हा घालायचा. दिवसात तीनदा. मग मध्यस्थ हवा अशी मागणी आली. आपल्या गावाचं, आपल्या घरचं भांडण असेल तर मध्यस्थाने बाजूला व्हावं असा नियम आहे आणि तो नियम मी स्वतः चारचौघांना ऐकवलेला आहे. पण बाजूला व्हायचं तर का ते लिहावं लागतं. ‘हे माझं गाव आहे’ असं लिहिलं की पुढचा प्रश्न आलाच, गावातल्या कुठल्या बाजूच्या? म्हणून मी काही न लिहिता भांडण अंगावर घेतलं. तटस्थ राहीन, सवयीनेच राहीन, असं मला वाटलं.

आणि एक गोष्ट सांगायची लाज वाटते. मागच्या आठवड्यात बुद्धभूषणने मला उद्देशून लिहिलं, ‘तुम्हाला काय कळणार? पुण्यातल्या कुठल्यातरी पेठेत झोपाळ्यावर बसलेले आजोबा तुम्ही.’ मी ते वाचलं आणि मला गुदगुल्या झाल्या. अंगाचा तिळपापड व्हायला हवा होता, पण झालं ते असं. ऑफिसमध्ये सव्वीस वर्षं माझ्या बढतीचा कागद हलला की कोणीतरी हळूच ‘कोटा’ म्हणतं. इथे माझं मराठी वाचून एक मुलगा मला पेठेत बसवत होता. मी ते वाक्य वैयक्तिक टीका म्हणून काढून टाकलं, नियमानुसार, पण काढण्याआधी दोनदा वाचलं.

आता या पानावर काय करायचं? स्मरणिका मला आठवत होती. १९७४, शाळेचा रौप्यमहोत्सव, मी सतरा वर्षांची. गठ्ठा घरी आला, बाबांनी त्यातली एकही प्रत कोणाला वाचू दिली नाही. फळीवर ठेवल्या, पाठ बाहेर करून. मी विचारलं तर म्हणाले, कंटाळवाणं आहे, अभ्यास कर. आई मात्र शेजारच्यांकडची प्रत वाचून आली होती. ती चार दिवस बाबांशी बोलली नाही. ताट समोर ठेवायची आणि उठून जायची. मला वाटलं, नेहमीचं काहीतरी. पुढच्या जूनमध्ये बाबा मुख्याध्यापक झाले. आमच्या वस्तीतला पहिला, तालुक्यातला कदाचित. ते हरखून पेढे घेऊन आले, खोका उघडून आईपुढे धरला. आई म्हणाली, ‘मी नाही वाटणार.’ एवढंच. मी दोन खाल्ले, मग आणखी एक. त्याच महिन्यात मी नागपूरला कॉलेजात गेले, हॉस्टेलच्या अर्जावर ‘वडिलांचा व्यवसाय : मुख्याध्यापक’ असं मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं. तो शब्द लिहिताना मला ताठ झाल्यासारखं वाटलं होतं. पेढे, हॉस्टेल, एम.ए., दिल्ली, द्वारकेतला हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मी मोजू लागले आणि मध्येच थांबले, कारण पानाखाली जयंतने लिहिलेलं राहिलं होतं. ‘लेखक स्वतः तत्कालीन वंचित समाजातील असल्यामुळे हा संदर्भ अधिकच विश्वासार्ह ठरतो, हे आपण मान्य कराल अशी नम्र अपेक्षा.’ नम्र अपेक्षा. मला त्याच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं.

त्याखाली बुद्धभूषण, नेहमीसारखा, एका ओळीत : ‘हा मास्तर विकला गेलेला होता.’

पान छापून मी बाल्कनीत नेलं. वास्तविक मला भांडायचंच होतं. बाबांनी चष्मा बदलला, कागद उजव्या हातात धरून, डावा शालीखाली ठेवून, सगळं सावकाश वाचलं.

‘व्याकरण ठीक आहे,’ ते म्हणाले.

‘बाबा, हे तुम्ही लिहिलंत?’

‘नाव तर माझंच आहे.’

‘कसं लिहिलंत?’

‘उजव्या हाताने,’ ते म्हणाले. मला रडू आलं नाही, राग आला. एक विमान गेलं. ते गेल्यावर ते म्हणाले, ‘भाऊसाहेबांनी घरी बोलावलं होतं. चहा दिला, कपात. म्हणाले, मास्तर, गावाचा इतिहास तुम्हीच लिहा. तुम्ही लिहिलं की पुन्हा कोणी काही विचारणार नाही. मला वाटलं, बरोबरच म्हणतोय हा. कोण विचारणार? मुख्याध्यापकाची जागा दोनदा माझ्यावरून उडी मारून गेली होती. तुझी मॅट्रिक तोंडावर आलेली.’

‘माझं नाव मध्ये आणू नका.’

‘आणत नाही. तू विचारलंस म्हणून सांगतोय.’ त्यांनी कागदाची घडी घातली, मूळच्या रेघेवरूनच. ‘बळवंता त्यानंतर घरी आला नाही. आम्ही नऊ जण होतो, त्यात तो माझ्या शेजारी होता. माझा हात मोडला तेव्हा त्यानेच मला पाठीवर घेऊन वस्तीत आणलं. रस्त्यात भेटला की तोंड फिरवायचा. वारला तेव्हा मी दिल्लीला होतो तुझ्याकडे. हा भांडतोय तो पोरगा कोण म्हणालीस?’

मी म्हणाले नव्हते. कागदाच्या तळाशी त्याचं नाव होतं. ‘बुद्धभूषण. त्याचाच नातू.’

त्यांनी घडी उलगडून तळाची ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, ‘लिहून घे.’

‘उपयोग नाही बाबा. जिवंत माणसाचं तोंडी चालत नाही तिथे. छापलेलंच लागतं.’

‘ते मला माहीत आहे, तूच दहा वेळा सांगितलंयस, जेवताना. संदर्भ म्हणून नकोच. त्या पोराने वाचावं म्हणून लिही. माझं नाव घालून. आणि माझं नाव घातलंस की तुझंही घालावं लागेल, ते बघ.’

मी कॉम्प्युटर त्यांच्या खुर्चीपर्यंत आणू शकत नव्हते, म्हणून त्यांना आत आणलं. ते पलंगाच्या कडेला बसले आणि शुद्धलेखन घातल्यासारखं सांगू लागले, विरामचिन्हांसकट. पस्तीस वर्षांची सवय. ‘मी, काशीनाथ रामजी गजभिये, स्वल्पविराम, वय पंच्याऐंशी, स्वल्पविराम, असे सांगतो की स्मरणिकेतील विहिरीबद्दलचे वाक्य खोटे आहे. पूर्णविराम. ते मी लिहिले. पूर्णविराम. विहीर आम्ही घेतली. पूर्णविराम. नऊ जण होतो. पूर्णविराम.’ नऊ नावं त्यांनी एका दमात सांगितली, बळवंत सर्वांत शेवटी. ‘बळवंतरावांच्या नातवाने जे लिहिले आहे ते खरे आहे. माझ्याबद्दल लिहिले आहे तेही.’ इथे ते थांबले. पूर्णविराम म्हणाले नाहीत. मी स्वतःच घातला. मग विचारलं, ‘खाली तुझं काय नाव घालणार?’ मी टाइप केलं : लेखनिक, कौसल्या, त्यांची मुलगी, म्हणजेच उत्तरवासी. त्यांनी पडद्याजवळ डोळे नेऊन वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, पाठव, मी जरा पडतो.

पाठवायचं बटण निळं असतं. त्याआधी एकदा तपासून बघावं अशी माझी शिस्त आहे. मी ‘लेखनिक’ खोडून ‘लेखन-साहाय्य’ केलं, ते खोडून पुन्हा ‘लेखनिक’ केलं. तेवढ्यात श्रावस्ती उठून आली, केस बांधत, हातात मोबाइल. माझ्या खांद्यावरून वाचून म्हणाली, ‘मालगुजार म्हणजे काय, लँडलॉर्ड?’

‘तसंच काहीतरी.’

‘आणि हे नानूने लिहिलं होतं? झूठ?’

‘तुझा चहा ओट्यावर झाकून ठेवलाय.’

‘आई यार, पण ते आता बोलतायत ना, बिल्कुल क्लिअर. मस्त आहे हे. आमच्याकडे असती ना अशी बाइट, आम्ही दिवसभर चालवली असती.’ ती चहा घ्यायला गेली. मी तिच्यावर चिडायला हवं होतं की नव्हतं, मला कळेना. तिला एवढं सोपं कसं वाटतं? तिच्या अर्जांवर आईचा व्यवसाय ‘राजपत्रित अधिकारी’ असा लिहिलेला असतो आणि तिला तो लिहिताना काहीही वाटत नाही. मी दिवसभर बटण दाबलं नाही. जेवण झालं, भांडी झाली, सोसायटीच्या पाण्याच्या टँकरवरून खाली बायकांची कटकट झाली ती मी उगाच खिडकीत उभी राहून ऐकली. बाबांनी एकदा विचारलं, ‘गेलं का?’ मी म्हणाले, ‘जाईल.’ ते म्हणाले, ‘त्या पोराची परीक्षा जवळ आली असेल, लवकर मिळालं तर बरं.’

पावणेपाचला मी बसले. मजकूर तसाच उघडा होता, बाबांची नऊ नावं ओळीने. बटणाकडे हात नेला आणि चर्चापानावर नवीन ओळ आल्याची सूचना चमकली. बुद्धभूषण. ‘मास्तर विकला गेला म्हणून त्याची पोरं शिकली असतील. आज दिल्ली-मुंबईत फ्लॅटमध्ये बसली असतील. त्यांना विचारा संदर्भ.’

कोणीतरी दार न वाजवता आत यावं तसं झालं. तो मला ओळखत नव्हता. हवेत मारलेला दगड होता तो, आणि नेमका मला लागला. मी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. तुला काय माहीत रे? तुझा आजोबा पाठीवर घेऊन आला, मान्य आहे. पण मोडका हात घेऊन पस्तीस वर्षं फळ्यावर लिहायचं, रोज त्याच मालगुजाराच्या शाळेत, ते कोणी केलं? तुझा आजोबा तोंड फिरवून मोकळा झाला. तोंड फिरवायला काय लागतं? आमच्या घरात ज्या चुली पेटल्या त्यांचा हिशेब तू सायबर कॅफेत बसून मागणार? आणि असं सगळं मनात चाललेलं असतानाच मला हेही स्पष्ट दिसत होतं, की बाबांनी सकाळी सांगितलेल्या मजकुरात याचंच उत्तर आहे. माझ्याबद्दल लिहिले आहे तेही. म्हणजे त्या माणसाने हे आधीच कबूल केलं होतं. कबूल करायचं नव्हतं ते मला. मास्तर विकला गेला हे मला चाललं असतं. त्याची पोरं शिकली, हे मला त्याच्याकडून ऐकून घ्यायचं नव्हतं. निळं बटण दाबलं की तो मुलगा हसेल, म्हणेल, बघा, बसलीच आहे फ्लॅटमध्ये. आणि जयंत अत्यंत आदराने माझे आभार मानील. आणि उत्तरवासी नावाचा पेठेतला गृहस्थ त्या संध्याकाळी मरेल.

मी सगळा मजकूर निवडला. निवडला की तो काळा होतो आणि अक्षरं पांढरी दिसतात. नऊ नावं पांढरी दिसली. मग खोडला.

त्यानंतरचं काम सोपं होतं, हाताला सवय होती. ‘उपलब्ध छापील संदर्भ एकच असून त्याचे लेखक घटनाकाळी गावात उपस्थित होते. त्याविरुद्धचे कथन मौखिक व कौटुंबिक स्वरूपाचे आहे. सबब संदर्भासहित आवृत्ती कायम करावी. सदस्य बुद्धभूषण यांनी संदर्भाचे लेखक व त्यांच्या कुटुंबीयांवर वारंवार वैयक्तिक टीका केली आहे. त्यांचे खाते एक महिना बंद ठेवण्याची शिफारस करतो.’ ‘करतो’ असंच लिहिलं. नेहमी तसंच लिहिते. पाच वाजून दोन मिनिटांनी ते गेलं. मध्यस्थाची शिफारस आली की प्रचालक, म्हणजे तिथले अधिकारी, फार वेळ लावत नाहीत. दहा मिनिटांत बुद्धभूषणच्या नावावर करडी पट्टी आली. महिनाभर त्याला एक अक्षर लिहिता येणार नव्हतं, मला शिव्या घालायलासुद्धा. मला वाटलं होतं की हलकं वाटेल. हाताच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या, एवढंच.

मग जयंतचं उत्तर आलं, लांबलचक. आपल्या निःपक्षपातीपणाला सादर वंदन. वैयक्तिक भावना बाजूला ठेवून नियम पाळणारी अशी माणसे विरळा. त्याने माझ्या पानावर एक चित्र लावलं होतं, सोनेरी तारा, ज्ञानकोशात असे तारे देतात. आणि खाली, ‘मी सदस्य उत्तरवासी यांचे नाव प्रचालकपदासाठी सुचवीत आहे. सर्वांनी पाठिंबा द्यावा ही विनंती.’ माझ्या डोळ्यांदेखत त्याखाली पाठिंबे येऊ लागले. एक, तीन, सहा. त्यातले दोघे ज्यांची वाक्यं मी कधीकाळी खोडली होती. ‘यांच्याइतका योग्य माणूस नाही.’ मी ते वाचत बसले. थांबवायला एक ओळ पुरली असती, मी ती लिहिली नाही.

बाबा दारात कधी येऊन उभे राहिले ते मला कळलं नाही. शाल खांद्यावरून घसरली होती आणि डावा हात उघडा पडला होता, मनगटाशी बाहेर वळलेला. झोपेतून उठल्यावर त्यांना पडद्यावरचं लांबून वाचता येत नाही. त्यांच्या मागे श्रावस्ती, कानाला मोबाइल, कोणाला तरी ‘चलो, बाद में’ म्हणत होती.

‘वाचलं का त्याने?’ बाबांनी विचारलं.

मी म्हणाले, ‘बाबा, मला प्रचालक करताहेत.’

‘वॉव,’ श्रावस्ती म्हणाली. ‘म्हणजे प्रमोशन? आई, पार्टी.’

बाबा पडद्याकडे बघत राहिले, त्या सोनेरी ताऱ्याकडे. तो त्यांना दिसत असावा, मोठा होता. मग त्यांनी उजव्या हाताने शाल वर ओढली, डावा हात तिच्याखाली नेऊन ठेवला आणि श्रावस्तीकडे वळून म्हणाले, ‘तुझ्या आईला सांग, पेढे आणू नकोस.’